सोमशाला चिकटलेला कागद

मेहुणे जुराकुल यांस समरकंदहून हमराकुलचा सलाम. माझ्या बहिणीची आणि तुमच्या गिरणीची तब्येत बरी असेल. नसली तर सावकाश कळवा, इथे आधीच काळज्या पुष्कळ आहेत.

आमच्या कारखान्यात शाळेच्या जुन्या वह्यांचा लगदा करून भट्टीतले मटण-चरबी भरलेले सोमसे बांधायचा कागद बनतो. चरबी झिरपू नये म्हणून त्यावर स्टार्चचा लेप मी देतो. आमचे साहेब म्हणाले, सोमवारची चाचणी फसली तर लेप मशीन देईल आणि तुम्ही घरी बसाल. (घरी सूनबाई असते. तिलाही याची काळजी लागली.)

झुल्हुमोर नावाची रसायनं शिकलेली मुलगी मक्याचा नवा स्टार्च घेऊन आली. त्यावर काही प्रक्रिया केलेली, त्यामुळे शिजवूनही ताकासारखा पातळच. "आजोबा, पातळच हवाय, हात लावू नका," असं बजावून ती फोनवर बोलायला गेली. इतकं पातळ आपण पाहुण्यालाही वाढत नाही. मी तुमच्या गिरणीचं गव्हाचं पीठ (शेवयांसाठी ठेवलेलं) मूठमूठ घातलं आणि लेप घट्ट केला.

चाचणीला सोमसेवाले मात्याकुब आले. गरम सोमसे कागदावर ठेवले. चरबी झिरपली नाही, पण कागद सोमशाला सोडेना. "हमराकुल-अका, हा सोमसा आहे की पाकीट?" मी घाबरून खरं सांगितलं, पीठ आहे त्यात. झालं! पीठ म्हणजे भाकरी, आणि भाकरी कोण फेकणार? मात्याकुबनी सोमशाला चिकटलेला कागदाचा तुकडा ओठांना, कपाळाला लावला आणि खाल्ला. मग साहेबांनाही खावा लागला. नववीची भूमिती होती बहुधा. मात्याकुब बराच वेळ चावत राहिले आणि म्हणाले, "बूड कुरकुरीत झालंय. असेच दोन हजार कागद द्या."

झुल्हुमोरनं पिठाचं वजन विचारलं. मला काय ठाऊक? तिनं माझी मूठ तीनदा तराजूवर रिकामी करायला लावली, तिन्ही वेळा आकडा वेगळा. शेवटी वहीत लिहिलं, "हमराकुल-अकांच्या सहा मुठी". म्हणजे मूठ आहे तोवर मी आहे. तुम्ही निश्चिंत असा.

तुमचा,
हमराकुल

ता. क. पीठ त्याच दळणाचं पाठवा.

ता. क. २. थंडीत माझी बोटं मिटत नाहीत. आज मुठीत निम्मंच पीठ आलं. झुल्हुमोर पाहत होती म्हणून मी दुवा मागतोय असं दाखवलं. तुमच्या शेजाऱ्याचं मेंढीच्या चरबीचं मलम पिठाच्या पोत्यात खोल दडवून पाठवा. डबी मात्र घट्ट बंद करा, नाहीतर पुढच्या चाचणीत चरबी आतूनच झिरपेल.