ओसरीवरचं ताट

४ जानेवारी १९५४, जनवाडा
मी सांगायलेय, नातसून निलम्मा लिहायलीय. डाव्या अंगठ्याचं नख पिवळं पडून शिंपल्यासारखं फुगलंय. हकीम म्हणाले, बुरशी. लोणच्याला धरते तसली. म्हटलं, मग बरणीसकट उन्हात ठेवा मला.

कुणाची लागली ते ठाऊक हाय. माझी धाकटी जाऊ गंगव्वा. तिचं नख असंच झालं तवा मीच तिचा हात पिठातून काढायला लावला. ताट वेगळं, जागा ओसरीवर. अठरा वर्षं झाली.

१९ जानेवारी
मलमाचा वास तेवढा वाढला. नख हाय तसंच.

२ फेब्रुवारी
सून गोड आवाजात म्हणाली, "अत्ती, आजपासून पीठ मी मळते. तुम्ही ओसरीवर बसा, वारा लागतो." गंगव्वाला मी हेच म्हणाले होते. वाऱ्यासकट! चांगली शिकलीय.

निलम्मा, थांबू नको. लिही. रडायचं ते माझं मी बघते.

२० फेब्रुवारी
ओसरीवर दोन ताटं. पूजेला इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं की अंगठा आत दुमडते. गंगव्वा बघत होती. म्हणाली, "अक्का, देवाला नखाचं काई न्हाई. मी लई बार विचारलंय."

हसू आलं न्हाई.

११ मार्च
जेवले न्हाई. कुणी विचारलंबी न्हाई.

२७ मार्च, गुलबर्गा
मोटारीत माझ्या शेजारी बसायला गंगव्वाच तयार झाली. दवाखान्यात बोट बधिर करून नख काढलं. आतून वाळवीनं खाल्लेल्या लाकडागत भोकं, अन् मुळातनं मांसाचे बारीक कोंब. डॉक्टर म्हणाले, "बुरशी कधीच नव्हती, अम्मा. साधी गाठ होती. कुणाची कुणाला लागत नाही."

मी गंगव्वाचा हात पुढं ओढला. त्यांनी तिचा अंगठा उजेडात धरला. "हे पण तसलंच दिसतंय."



३० मार्च, जनवाडा
चुलीजवळ माझ्या पाटाला लावून तिचा पाट मांडला. हात धरून आत आणलं. तिनं पाट उचलला, उंबऱ्यापाशी नेला, आपलं जर्मनचं ताट पदरानं पुसून पुढं ठेवलं.

"इथंच बरं, अक्का. वारा लागतो."