श्रावणातली आर्मेनियन वाइन

११ ऑगस्ट, सोमवार
तन्वीने इथल्या, आयर्लंडमधल्या एनिस-शॅननच्या मराठी ग्रुपवर टाकलंय, २१ला संध्याकाळी एनिसमध्ये आर्मेनियन वाइन टेस्टिंग, कोण कोण येणार? ग्रुपवर सत्तर जण असतील, पण प्रश्न मलाच होता. हे कळायला डिग्री लागत नाही. बरं झालं कॉलेज मध्येच सोडलं.
रूममेट सारंग म्हणाला, श्रावण आहे बाबा, मी थेंबाला शिवणार नाही, तू जा. देवमाणूस. मी प्रेमासाठी मोडतोय, देव समजून घेईल.

१३ ऑगस्ट
अभ्यास जोरात. आर्मेनियात वाइन मातीच्या रांजणात मुरवतात, रांजण जमिनीत पुरून. त्याला म्हणतात कारास. ग्लास उचलताना म्हणायचं 'केनात्स'. आरशासमोर घोकलं. आवाजात वजन आहे माझ्या.

१६ ऑगस्ट
स्वतःची तारीफ स्वतः करणं बरं दिसत नाही. सारंगला तन्वीचा नंबर दिला. म्हटलं, माझ्याबद्दल दोन चांगले शब्द टाक. लगेच तयार. याला म्हणतात मैत्री.

१९ ऑगस्ट
दोन शब्दांना फारच वेळ लागतोय. काल जेवण झाल्यापासून फोनवरच. विचारलं तर म्हणे, तुझाच विषय चाललाय, सगळं ग्रँड आहे. हसत होता. असो. मुलींना विनोदी मुलं आवडतात.

२२ ऑगस्ट, दुपारी
डोकं ठणकतंय.
काल टेस्टिंगच्या दारातच सारंग. इस्त्रीचा शर्ट. शेजारी तन्वी. म्हटलं, श्रावणाचं काय झालं रे? शांतपणे म्हणाला, मी पिणार कुठे आहे, चव घेऊन थुंकणार. टेबलावर त्यासाठी बादलीच ठेवलेली. वाइन ओतणाऱ्या अनाहितबाईंनीही मान डोलावली, टेस्टिंगमध्ये असंच करतात म्हणे.
हा भामटा घोट खळखळवून चुळा टाकतोय आणि तन्वी म्हणतेय, काय कंट्रोल आहे याचा.
बाई एवढ्या प्रेमाने देतायत आणि थुंकायचं? पानात टाकायचं नाही, हे आमच्या घरचं वळण. मी थेंब वाया घालवला नाही. तन्वीच्या ग्लासात उरलेलीसुद्धा.
तिला अरेनी नावाची लाल वाइन आवडली. मी लगेच एक बाटली घेतली. मग उभा राहून सारंगला सगळ्यांदेखत सुनावलं. विश्वासघातकी, नंबर मी दिला होता तुला! मुद्दे अचूक होते. फक्त ते मी कोपऱ्यात शोभेला ठेवलेल्या कारासला सुनावत होतो, असं तन्वीचं म्हणणं.
बाटली किचनमधल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), पोह्यांच्या डब्यामागे लपवली. तन्वी भानावर येईल तेव्हासाठी.

२३ ऑगस्ट
सारंगशी कायमचं बोलणं बंद. खोली बदलणार. त्याने केलेली बटाट्याची भाजी खाल्ली. अन्नावर राग नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
श्रावण संपला. तन्वी घरी आली. वाटलं, माफी मागायला.
सारंगने पोह्यांच्या डब्यामागे हात घातला. मला म्हणाला, ग्लास आण ना रे. तीन आणले. तन्वी म्हणाली, तुझ्यामुळेच जमलं आमचं, पहिला घोट तुझ्या नावाने.
काय म्हणायचं ते दोघांनाही आठवेना. केनात्स मीच म्हटलं. मग घोट घेतला. आज मात्र घशाखाली उतरेना.
बादली नव्हती. गिळला.