हेमकुंजमधली शस्त्रबंदी

२ ऑक्टोबर, गुरुवार

यंदा गांधीजयंती आणि दसरा एकाच दिवशी. सकाळी सोसायटीच्या लॉबीत सेक्रेटरी या नात्याने माझं अहिंसेवर भाषण. विषयाला हात घालते न घालते तोच पाठीमागे टिकल्यांचं पिस्तूल वाजलं. मी दचकले नाही. खुर्ची आपोआप उलटली. बापूंच्या फोटोचा हार माझ्या गळ्यात कसा आला, ते सांगता येणार नाही. सगळे हसले. श्यामकांतही हसला. नवऱ्याला शोभत नाही.

चौकशी केली. मुलांनी शस्त्रपूजेला खेळण्यातली पिस्तुलं आणून मांडली होती. कुणीतरी मोठ्या माणसाने त्यांना हळदकुंकू वाहिलं, फुलं वाहिली आणि वर वाजवायची परवानगीही दिली. नाव कुणी सांगेना. श्यामकांतच्या बोटांना कुंकू होतं, पण दसऱ्याला ते कुणाच्या बोटांना नसतं?

निश्चय: दिवाळीच्या आत हेमकुंज शस्त्रमुक्त.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ठरावाचा मसुदा तयार. पिस्तुलं, बंदुका, टिकल्यांचे रोल, सगळं बंद. चार दशकांपूर्वी राज्यशास्त्रात बी.ए. केलं ते वाया गेलेलं नाही. मसुदा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ठराव पडला तर मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा देईन.

धडाधड अंगठे आले. पाण्याच्या टँकरच्या मेसेजलासुद्धा इतके आले नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या निलेशने तर केकचं चित्र पाठवलं. जनमत स्पष्ट आहे.

५ ऑक्टोबर, रविवार

पार्किंगमध्ये प्राथमिक चर्चा. निलेश म्हणाला, मॅडम, पिस्तूल कशाला म्हणायचं ते आधी सांगा ना. माझी पोरगी लाटणं धरून ठो करते. लाटण्याला लायसन्स काढू काय? मी म्हटलं, हेतू तपासला जाईल. तो म्हणाला, चपातीचा?

तळमजल्यावरची नंदा म्हणाली, आमच्या घरात पिस्तुलाने अजून कुणी आजारी पडलं नाही, तुमच्या नोटिसांनी सासूबाईंचं बीपी दोनदा वाढलंय. हशा. मी हसले नाही. कोणीतरी मधला मार्ग सुचवला, की पिस्तुलं राहू द्या, टिकल्या बंद करा. एक म्हणाला, उलट करा. टिकल्या दगडाने फोडता येतात.

शेवटी ठरावाच्या सभेची तारीख ठरवायला मतदान. नंदाने हात वर केला. मी तिथल्या तिथे खाली करायला लावला. फ्लॅटवर पहिलं नाव तिच्या नवऱ्याचं, कुंडलिकचं. पहिलं नाव हजर असेल तर दुसऱ्या नावाला मत नाही. नंदा म्हणाली, घर मी चालवते, डोकं मी चालवते, आणि हात कुंडलिकने वर करायचा? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. कुंडलिकने बिचाऱ्याने तिच्याकडे बघून हात वर केला.

मला सर्वांपुढे उदाहरण घालून देता आलं याचं समाधान आहे.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सभेपर्यंत थांबणं धोक्याचं. जप्ती सुरू. पहिलंच सापडलं ते हिरवं पिस्तूल, मुठीला लाल चिकटपट्टी. सगळा माल आमच्या माळ्यावर कुलपात. किल्ली तांदळाच्या डब्यात, कुणाला संशयही येणार नाही. भात रोज श्यामकांत लावतो, पण तो डब्यात बघत नाही, नुसती वाटी घालतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कंपाऊंडमध्ये पुन्हा ठो ठो. धावत गेले. जप्त: हिरवं पिस्तूल, मुठीला लाल चिकटपट्टी. म्हणजे हे एकाच कारखान्याचं मॉडेल आहे. माल बाहेरून येतोय.

बाहेरून म्हणजे कुठून? मागच्या भिंतीपलीकडे श्रीसागर सोसायटी. तिची सेक्रेटरी वनमाला, कॉलेजात माझ्याच बाकावर होती. तेव्हापासून मला तिचा भरवसा नाही. फोन केला. ती म्हणाली, सुले, वेडी का गं तू? तुमच्याकडूनच इकडे येतंय. आमची पोरं रोज संध्याकाळी भिंतीपाशी वाट बघत उभी असतात.

शेजाऱ्याने आरोप उलटवणं, हे तर आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं पान.

१२ ऑक्टोबर, रविवार

सीमेवर गस्त. वॉचमन अनंतला बरोबर घेतलं. तो सारखा खोकत होता, भिंत जवळ आली तसा जास्तच. भिंतीपाशी श्यामकांत भेटला. डॉक्टरांनी संध्याकाळी चालायला सांगितलंय म्हणाला. शर्टाला पुढून चुना लागला होता. भिंतीच्या फार जवळून चालतो.

महत्त्वाचा पुरावा हाती! भिंतीवर दोरी बांधलेली कापडी पिशवी. आत टिकल्यांचे रोल. पिशवीवर छापलंय: सुलक्षणा–श्यामकांत, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. या पिशव्या आम्ही समारंभाला आलेल्या सगळ्यांना वाटल्या होत्या. वनमाला आली होती. जेवून गेली होती.

आणखी काय पुरावा हवा?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

तिसरं हिरवं पिस्तूल पकडलं. लाल चिकटपट्टी. हा घरगुती धंदा नाही, मोठी टोळी आहे. माळ्यावर ठेवायला गेले तर आधीची दोन दिसली नाहीत. खाली दबली असतील. शिडीवर फार वेळ उभं राहणं मला बरं नाही.

श्यामकांत हल्ली भाजीला भांडुपपर्यंत जातो. तिथे ताजी मिळते म्हणे. आज कोथिंबिरीला फटाक्यांच्या दारूचा वास येत होता. काय काय खतं मारतात देव जाणे.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

उद्या सभा. अंदाज घेतला. अंगठे देणारे काही लोक समोर आले की नजर चुकवतात. माझ्याविषयीचा आदर. तरीही एकेक माणूस महत्त्वाचा, म्हणून श्यामकांतला बजावलं, उद्या यायचंच. तो आजवर एकाही सभेला आलेला नाही. म्हणाला, सुलू, मला नको नेऊस गं. घरी चकल्या राहिल्यात. मी म्हटलं, सेक्रेटरीचाच नवरा गैरहजर, लोक काय म्हणतील? तो म्हणाला, बघ हं, मागाहून बोलायचं नाही.

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तळणाचा धूर.

१९ ऑक्टोबर, रविवार

सभा झाली.

मी मुद्देसूद बोलले. पिशवी टेबलावर ठेवली. तिन्ही हिरवी पिस्तुलं ठेवायची होती, पण सकाळी माळ्यावर एकच मिळालं. निलेश ओरडला, बाकीची दोन फरार काय? सभेची शिस्त पार गेली.

मतदान. ठरावाच्या बाजूने अकरा, विरोधात अकरा. मी विजयी हात वर केला, कारण माझं मत अजून मोजलेलं नव्हतं. एवढ्यात नंदा उठली. फार गोड आवाजात म्हणाली, मॅडम, तुमच्या फ्लॅटवर पहिलं नाव कुणाचं हो?

पहिलं नाव श्यामकांतचं. पहिलं नाव हजर होतं. मागच्या खुर्चीत. मीच बसवलेलं.

सगळ्यांनी माना वळवल्या. श्यामकांत सावकाश उठला. म्हणाला, सुलू, हिरवं एकच आहे गं. तू आणून ठेवायचीस, मी परत द्यायचो. पोरं रडत होती. मग त्याने हात वर केला. विरोधात.

निलेशने लगेच ग्रुपवरचा माझा मेसेज मोठ्याने वाचून दाखवला. राजीनामा एकमताने मंजूर. ज्या अकरांनी ठरावाला मत दिलं, त्यांनीसुद्धा मंजूर केला. नवी सेक्रेटरी नंदा. कुंडलिकने जागच्या जागी ना-हरकत लिहून दिली, आणि माझ्याचकडे पेन मागितलं.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

श्यामकांतशी अबोला. उटणं त्यानेच कालवलं, पाणीही त्यानेच तापवलं. अबोल्यात एवढं चालतं. चकल्या बऱ्या झाल्यात, पण सांगितलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

परंपरा म्हणून श्यामकांतला ओवाळलं. ताटात त्याने साडीचं पाकीट ठेवलं आणि वर ते हिरवं पिस्तूल, नवी पांढरी चिकटपट्टी लावून. मुलांनी दिलंय म्हणाला. मॅडमनी इतक्या वेळा पकडलं, तर आता त्यांचंच.

केवळ अभ्यास म्हणून गॅलरीत नेऊन बघितलं. खाली नंदाचं सेक्रेटरी म्हणून पहिलं भाषण चाललं होतं. विषय: पार्किंगमधली शिस्त. पिस्तूल उडालं. मी उडवलं नाही. चापाला बोट लागलं. दोनदा.

नंदा म्हणते, ती दचकली नाही. खुर्ची आपोआप उलटली.

संध्याकाळी ग्रुपवर नव्या सेक्रेटरीचा मेसेज. रविवारी तातडीची सभा, विषय शस्त्रबंदी. मसुदा शब्दन् शब्द माझा. सरसकट बंदी! माणसाने सणासुदीला दोन टिकल्यासुद्धा वाजवायच्या नाहीत? माझा सक्त विरोध आहे, आणि मी तसं मत देणार आहे.

श्यामकांतला सांगून ठेवलंय, सभेला अजिबात यायचं नाही.