दम चालू होता

८ जानेवारी १९२८, रविवार

जिंकलो. कामशेतचा संघ हरला, आमचा लोणावळ्याच्या रेल्वे शेडचा संघ जिंकला, आणि मी माझ्या हातांनी एका माणसाचा पाय मोडला.

नथूचा. कामशेतच्या बाजारात भाताची पोती वाहतो, तो नथू. हुतूतूत त्याच्यासारखी चढाई साऱ्या मावळात कुणाची नाही. डाव संपत आला होता. तो आमच्या बाजूला शिरला, माझ्या कोपऱ्याकडे पाय टाकला आणि मी घोटा धरला. आमच्या गेणूने मागून कमरेला मिठी मारली. नथू मधल्या रेघेकडे ओढतोय, तोंडाने हुतूतू हुतूतू चालूच. चढाई करणाऱ्याचा दम चालू आहे तोवर हात सोडायचा नाही, दम तुटला की तो बाद, आणि लगेच सोडायचं — लहानपणापासून एवढंच शिकलोय. मग कडकन आवाज आला.

पंचांनी नथूला विचारलं, "दम चालू होता का?" तो धुळीत पडलेला, ओठ पांढरे पडलेले. म्हणाला, "व्हय. चालू व्हता." म्हणजे माझी पकड नियमाला धरून. लोकांनी मला खांद्यावर घेतलं.

९ जानेवारी

शेडच्या फोरमन साहेबाने पाठ थोपटली. आज फावडं नीट धरवेना. कोळसा निम्मा बाहेरच सांडला.

१२ जानेवारी

मी कोपरा कसा झालो ते आज सारखं आठवतंय. आमच्या गावी, भाज्याला, भात कापून झाला की रिकाम्या खाचरांत आमचे डाव रंगायचे. मी बुटका, मला चढाईला कोण पाठवणार! गावातल्या मारुतीआबांनी मला डाव्या टोकाला उभं केलं. म्हणाले, "हितं हुबा ऱ्हा. त्याच्या तोंडाकडं बघू नगं, पायाकडं बघ. तोंड लबाड असतंय, पाय न्हाई." तेव्हापासून मी पायच बघत आलो. कुणाची टाच कुठे झिजली आहे, कोण कुठल्या पायावर भार टाकतो, हे मला त्याच्या नावाआधी कळतं. नथू उजवा पाय पुढे टाकताना अंगठा वर उचलतो, हेही मला ठाऊक होतं. उचलायचा, असं आता लिहावं लागेल.

पाय धरता धरता माझी दोन बोटं वाकडी झाली, एक दात गेला. कार्ल्याच्या जत्रेत फोरमन साहेबाने मला खेळताना पाहिलं आणि लोणावळ्याला शेडमध्ये घेतलं. नावाला कोळसा ओढणारा खलाशी, खरं काम कोपऱ्यात उभं राहायचं. तेही बदलीवर, कुणी रजेवर असेल त्याच्या जागी. चार मार्चला पुण्याचा सामना आहे. तो जिंकला तर कायम करतो म्हणालाय. कायम झालो तर घाटाखाली मजुरीला जाणं सुटेल, अंबूला माहेरी ठेवावं लागणार नाही. माझं सगळं या दोन पंजांवर आहे.

१५ जानेवारी, रविवार

सराव. कप्तान बजरंग चढाईला आला. घोटा हातात आला, आणि मी सोडला. कसा सोडला कळलं नाही. "अरे, दम चालू होता की माझा!" तो म्हणाला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी पुढे झालोच नाही.

गेणू हसून म्हणाला, "सोपान्या, तुला काय बजरंगचा पाय पुजायचाय का?" सगळे हसले, मीही हसलो.

१६ जानेवारी

हात सुटतो.

१९ जानेवारी

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, आणि तरी मी आठ तारखेला हिच्यातसुद्धा खोटं लिहिलं. मी काय माणूस आहे!

दम तुटला होता. हाड मोडायच्या आधी. नथूचं हुतूतू थांबलं, ते मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. ओरडा चालला होता म्हणून पंचांना आणि इतरांना कळलं नसेल, पण माझं डोकं त्याच्या मांडीशी होतं. मला कळलं. तेव्हाच हात काढायचा. पण फोरमन साहेब रेघेबाहेर उभा होता, माझ्याकडेच बघत होता. वाटलं, अजून जरा. नथूला धरून ठेवलेला मी त्याला अजून जरा दिसू दे. त्या जरा वेळात पाय गेला.

मग नथू स्वतःच म्हणाला की दम चालू होता. त्याला वेदनेत शुद्ध नसेल. मी गप्प बसलो.

लिहिलं. लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

२२ जानेवारी, रविवार

सकाळच्या गाडीने कामशेतला गेलो, सांगून टाकायचं ठरवून.

नथू ओसरीवर बसलेला, पायाला हाडवैद्याने बांबूच्या कांबी बांधलेल्या. भोवती चार-पाच माणसं. मला बघून तो खुलला. त्याची बायको सरुबाई आत उभी होती. तिने पाण्याचा तांब्या दिला, पण "बसा" काही म्हणाली नाही.

नथू लोकांना तो डाव सांगत होता. कितव्यांदा कोण जाणे. "हाड मोडलं, पर दम न्हाई मोडला! इचारा ह्याला, ह्योच धरून व्हता." सगळे माझ्याकडे वळले. एक म्हातारा म्हणाला, "खरं का रं, बाबा?"

मी म्हणालो, "चालू होता."

निघताना सरुबाई अंगणाच्या कडेपर्यंत आली. म्हणाली, "पोती उचलनं आता न्हाई व्हायाचं त्येंना. पर दुकानदार म्हनलेत, असा दमाचा गडी आपल्या दुकानात पायजे, बसून पोती शिव. तेवढं झालं ह्या हुतूतूपायी." मी मान हलवली. स्टेशनपर्यंत आलो आणि बाकावर बसूनच राहिलो, एक गाडी गेली तरी.

२९ जानेवारी

अंबू माहेरून आली आहे. तिला सगळं सांगितलं. लग्नानंतर इतकं लांबलचक मी तिच्याशी पहिल्यांदाच बोललो असेन. ती भाकरी थापत होती, तिने हात थांबवला नाही.

"खरं सांगून कुणाचं भलं व्हनार हाय? त्येंचं का तुमचं?"

खरं सांगितलं तर नथू दम टिकवणारा गडी राहत नाही, दुकानातली जागा जाते. नाही सांगितलं तर माझा हात धरत नाही, माझी जागा जाते. म्हणजे मला त्याच्यासाठी सांगायचंय की माझ्या हातासाठी? मला माझाच राग आला. अंबूवर उगाच खेकसलो. ती भाकरी उलटत राहिली.

५ फेब्रुवारी

सराव. पकड नाही. बजरंगने गेणूला कोपऱ्यात उभं करून पाहिलं. गेणू मधे खेळणारा, त्याला कोपऱ्याचं काही कळत नाही, पण तो धरतो तरी.

१३ फेब्रुवारी

फोरमन साहेबाने बोलावून सांगितलं — पुण्याला तू कोपऱ्यात धरणार असशील तर सांग, नाहीतर शेडमध्ये माणसं पुष्कळ आहेत. रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

२४ फेब्रुवारी

कामशेत स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा एक पॉइंट्समन भेटला. नथूच्या कांबी सोडल्या. पाऊल जरा बाहेर वळूनच जुळलंय. काठी घेऊन दुकानापर्यंत जातो, दिवसभर पोती शिवतो. येणारे-जाणारे त्याला डाव सांगायला लावतात.

मी हे ऐकून घेतलं आणि कितीतरी वेळ माझे पंजे बघत बसलो. पंजे चांगले आहेत. त्यांना काही झालेलं नाही.

१ मार्च

ठरलं. चारचौघांत नाही, दुकानदाराच्या कानावर नाही. एकट्या नथूला सांगायचं. मग तो मारू दे, हाकलू दे, साऱ्या गावाला सांगू दे. पुण्याच्या आधी सांगायचं. पुण्यात काय होईल ते होवो.

३ मार्च

दुकानाच्या मागे नथू एकटा पोतं शिवत होता. सांगितलं. सुई चालूच राहिली.

म्हणाला, "ठावं हाय मला."

मी विचारलं, मग पंचांना तसं का सांगितलंस?

"समद्या गावाम्होरं कसं सांगू, नथूनं हार मानली म्हनून? दम तुटला न्हवता, सोपान. मीच थांबलो व्हतो. पाय पिळाय लागला. म्हनलं, सोपान हाय, आपुन थांबलो की लगीच सोडंल."