टिमूच्या पुढचा आकडा

आबा, परवा आपल्या रानातला ऊस तुटून गेला. सणसरला जाऊन मी बांधावर उभी राहिले, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं दिसत होतं. विहीर, लिंब, चुलत्यांचं शेड, आणि पलीकडच्या रस्त्यावरून जाणारी शाळेची पोरं. म्हणजे आपले मोकळे दिवस लागले. बारामतीला परत येताना हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पण सांगणार कुणाला? नवरा म्हणाला असता, कसले मोकळे दिवस, तुझ्या कॉलेजच्या परीक्षा तोंडावर आल्यात. त्याचं काही चुकलं नसतं. ज्या कॅलेंडरात हे दिवस येतात ते कॅलेंडर जगात दोघांनाच येत होतं, आणि त्यातले तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. आपल्या भाषेत भरलं बाक.

ती भाषा कशी सुरू झाली ते तुम्हाला माहीतच आहे, पण मला परत एकदा सांगायचंय. मी नऊ वर्षांची होते. कडबाकुट्टीच्या यंत्रात तुमच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यातून तुम्ही आलात तेव्हा हाताला भलंमोठं बांधलेलं होतं, आणि आई कुणाला जवळ फिरकू देत नव्हती. पट्टी सुटली त्या दिवशी मी तुमचा हात मांडीवर घेऊन बघितला. अंगठा होता आणि त्याच्या शेजारचं बोट होतं. पोरींना नको तेच सुचतं. मी विचारलं, ‘आबा, आता तुमी धापातूर कसं मोजनार?’ आईनं कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र दोन्ही हात समोर धरून शांतपणे मोजून घेतलंत आणि म्हणालात, ‘सातापातूर मोजू की. सातालाच म्हनू, भरलं.’

झालं, त्या दिवसापासून आपल्या घरात सातालाच भरायला लागलं. बाकीच्या आकड्यांची नावं मी ठेवली. विटीदांडूत आम्ही वकट, लेंड, मूंड करत मोजायचोच, त्यामुळे आकड्यांना दुसरी नावं असू शकतात याचं मला नवल नव्हतं. इल, बाक, टिमू, गोळ, हुपा, निंग आणि मग भरलं. आठ म्हणजे भरलं इल. चौदा म्हणजे बाक भरलं. सात सत्ते एकोणपन्नास झाले की भरलंभर. हळूहळू भूक, पाणी, पळ, गप बस असे शब्दही आले, आणि पन्नास-साठ शब्दांची एक भाषाच झाली. आई म्हणायची, बाप-लेक येडी झाली. पण तिलाही मोजता यायचं, भाकरी थापताना मी तिला एकदा पकडलं होतं.

कॅलेंडर तुमचं. आपल्या घरात पंचांग नव्हतं. तुमच्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात मुहूर्त नाही, अमावास्या नाही, कुठला वार चांगला आणि कुठला वाईट ही भानगडच नाही. तुम्ही म्हणायचात, ‘दीस समदे सारखेच हायेत, मग आपन कसेबी मांडावेत.’ सात दिवसांचा आठवडा आयताच मिळाला होता. असे सात आठवडे झाले की आपला एक महिना, आणि असे सात महिने. पहिला कोंबाचा, मधला पाचटाचा, शेवटचा तुऱ्याचा. मी पाटीवर गुणाकार केला आणि रडकुंडीला आले, कारण वर्षाचे वीस-बावीस दिवस उरतच होते. तुम्ही पाटी बघितलीत, जराही न गडबडता म्हणालात, ‘उरू देत. ऊस गेला की रान मोकळं असतं, तसे हे दीस मोकळे. त्येंची मोजदाद न्हाय.’ ऊसतोडीची टोळी लवकर आली तर मोकळे दिवस जास्त, उशिरा आली तर कमी. जगातल्या कुठल्याही पंचांगकर्त्याला एवढी सोपी युक्ती सुचली नसेल, असं मला तेव्हा वाटायचं आणि अजूनही वाटतं.

आणि तो आपला उसातला खेळ. खेळ तरी कशाला म्हणू, सोयच होती ती. डोक्यावर ऊस गेला की दोन सऱ्यांपलीकडचं माणूस दिसत नाही. तुम्ही पाणी धरायचात, मी वाळलेल्या पानांचं पाचट काढायला असायचे. तुम्ही आतून ओरडायचात ‘इल’, मी म्हणायचे ‘बाक’. तुम्ही ‘टिमू’, मी ‘गोळ’. एकानं म्हणायचं आणि दुसऱ्यानं पुढचा आकडा द्यायचा, एवढाच नियम. उत्तर आलं की दोघंही आपापल्या कामाला. एकदा मी मुद्दाम गप्प बसले. तुम्ही परत हाक दिलीत, मी तोंडावर हात धरून हसत होते. मग ऊस मोडल्याचा आवाज आला आणि तुम्ही समोर उभे, पायाला चिखल, गालावर पातीनं कापलेलं. फोडून काढाल असं वाटलं होतं. तुम्ही नुसतं माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, ‘उत्तर दिलं न्हाईस तर मला यावं लागंल, बाय.’

चौथीच्या परीक्षेत मी पाच अधिक चार बरोबर बारा असं लिहिलं. आपल्या हिशेबानं बरोबरच होतं ते, एक भरलं आणि वर दोन. गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर पेपर वाचून दाखवला, छडी दिली आणि बापाला घेऊन ये म्हणाले. तुम्ही रानातले तसेच आलात, टॉवेलला हात पुसत. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. गुरुजी म्हणाले, पोरगी हुशार आहे पण हे काय खूळ? तुम्ही दोन्ही हात त्यांच्या टेबलावर मांडलेत. तुम्ही चारचौघांत डावा हात खिशात ठेवायचात, लग्नकार्यातसुद्धा. तो हात उघडा टेबलावर ठेवून तुम्ही म्हणालात, ‘पोरीचं बरोबर हाय, गुरुजी. तिनं माज्या हातावर मोजलंय. चूक असंल तर माजी धरा.’ मग एकेक बोट मिटवत त्यांना सगळं समजावून सांगितलंत. गुरुजींनी मार्क दिले नाहीत, पण त्यानंतर मला छडीही कधी दिली नाही. आज मी कॉलेजात संख्यापद्धती शिकवते. पाया दोन, पाया आठ, पाया सोळा. पाया सातचं उदाहरण मी फळ्यावर घेत नाही.

आता त्या दिवसाचं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि तुम्ही वस्तीवर एकटेच राहत होता. सकाळी मोटर चालू करायला गेलात आणि विहिरीपाशी पडलात, ते दुपारी चुलत्यांच्या नजरेला आलं. अर्धांगाचा हलका झटका होता. बारामतीच्या दवाखान्यात आठ दिवसांनी तुमचा हात हलायला लागला, बोलणं जड पण नीट येत होतं. तुम्ही मला म्हणालात, ‘मला सणसरला सोड. ऊस तुटून गेला आसंल. हितं न्हाय करमायचं मला.’ मी डॉक्टरांना विचारलं. ते भले माणूस होते. म्हणाले, डोकं शाबूत असेल तर शेजारी चुलते आहेत, राहू देत त्यांना. पण भान नसेल तर एकटं ठेवायचं धाडस करू नका. मग ते तुमच्या खाटेपाशी बसून एकेक विचारायला लागले.

‘आबा, आज तारीख काय?’ तुम्ही म्हणालात, ‘मोकळं हाय सद्या.’ साल कोणतं विचारलं, तर तुम्ही जरा थांबून म्हणालात, ‘गोळ भरलं निंग.’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी मनात मोजलं. चार साते अठ्ठावीस आणि सहा, चौतीस. तुमची बोटं गेली ते पहिलं साल धरून चौतिसावंच चालू होतं, एका आकड्याचीही चूक नव्हती. मग त्यांनी तीन बोटं समोर धरली. तुम्ही म्हणालात, ‘टिमू,’ आणि त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंत. तो झटक्याचा परिणाम होता, का माझी थट्टा होती, का दवाखान्यात परक्यासारखं वाटून तुम्ही आपलं काहीतरी धरून बसला होता, मला आजही सांगता येत नाही. नवरा शेजारी उभा होता, दारात नर्स होती. मी चष्मा काढून पदराला पुसायला लागले. तुम्ही परत म्हणालात, ‘टिमू.’ मोठ्यानं, उसात म्हणायचात तसं. मी वर बघितलं नाही. मग तुम्ही पांघरूण बाजूला केलंत आणि खाटेवरून पाय खाली सोडलेत. नर्स धावली, दोघांनी धरून तुम्हाला परत निजवलं. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता हळू आवाजात म्हणाले, भ्रम आहे, घेऊन जा घरी.

कुठं निघाला होता तुम्ही, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

नंतरचे पाच महिने तुम्ही आमच्या तिसऱ्या मजल्यावर काढलेत. मी सुट्टी घेतली, पेज भरवली, पाय चोळले, आणि तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत. उलट शेजारणीला सांगायचात, लेक लई करती माजं. पण आपल्या भाषेतला आकडा तुम्ही परत काढला नाहीत. एकदा मी गोळ्यांची पाकिटं पुढ्यात ठेवली आणि तुम्ही मोजायला लागलात. सहा, सात, आठ, नऊ. सातव्याला तुमची बोटं संपली, तरी नुसत्या तोंडानं पुढं मोजत राहिलात. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले. पुढची तोड यायच्या आधीच, पाचटाच्या महिन्यात, तुम्ही गेलात.

मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. एवढी शिकलेली बाई डॉक्टरांना काय सांगणार, की आमची एक भाषा आहे म्हणून? लाज होतीच. पण तेवढ्यासाठी नाही, आबा. तुम्ही विहिरीपाशी सकाळपासून दुपारपर्यंत पडून होता, हे माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. पुन्हा तसा फोन यायला नको होता मला. तुमचं डोकं शाबूत ठरलं असतं तर तुम्ही सणसरला गेला असता, आणि मला तुम्ही डोळ्यांसमोर हवे होता. तुम्ही हात उघडा करून माझं बरोबर ठरवलंत, आणि मी तुमचं बरोबर असलेलं चूक ठरू दिलं. प्रेमापोटीच केलं. तरी केलंच.

मी आता भरलंभर बाक वर्षांची आहे. परवा बांधावर उभी असताना वाटलं, आपला एखादा आकडा मोठ्यानं ओरडून बघावा. पण रान मोकळं होतं, सगळं स्पष्ट दिसत होतं, आणि कुणीच नव्हतं. हे पत्र घडी घालून मी त्या जुन्या पाटीखाली ठेवणार आहे, त्याला दुसरा पत्ता नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी विसरली. विसरले नव्हते. तुम्ही ‘टिमू’ म्हणालात तेव्हा, दोन्ही वेळा, ‘गोळ’ माझ्या तोंडात आलं होतं.