चहापानावर बहिष्कार

७ डिसेंबर, आमदार निवास, नागपूर

नाही गेले. विरोधी पक्षातलं कुणीच गेलं नाही. उद्यापासून अधिवेशन, म्हणून आज मुख्यमंत्र्यांकडे चहापान – आणि नेहमीसारखा आमचा बहिष्कार. पण या वेळी माझा राग खरा आहे. अर्जुनी मोरगावच्या तलावांच्या दुरुस्तीला यांनी स्थगिती दिली. काऊन? तर मतदारसंघ माझा! आमच्या कोहळी समाजाच्या वाडवडिलांनी बांधलेल्या या तलावांच्या पाळी, मातीचे बांध, फुटायला आल्या, आणि हे चहा पाजतात.

बिसरामकाकांचा फोन. आमच्याच गावचे, बाबांचे जिवलग. सत्ताधाऱ्यांकडून विधान परिषदेवर.

"काऊन वो दुर्गे, चहा पेल्यानं का पक्ष बदलते?"

"काका, आधी स्थगिती उठवा."

"तेच तं बोलाचं आहे. ये तं खरी."

मी फोन ठेवला.

८ डिसेंबर

विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमच्या घोषणा चालल्या होत्या. काका चढता चढता थांबले. सगळ्या कॅमेऱ्यांसमोर माझ्यापुढे हात केला. मागून आमचे प्रतोद – "ताई, हात द्यायचा नाही."

दिला नाही. फलक दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. काकांनी त्याच हातानं चष्मा सारखा केला आणि आत गेले.

लहानपणी त्यांच्या सायकलवर बसून शाळेत जायची मी.

९ डिसेंबर

क्लिप सगळीकडे! पक्षाध्यक्षांचा – साहेबांचा – स्वतः फोन. "वाघीण आहेस!"

मग गावाहून देवचंदचा. पहिल्या निवडणुकीपासून माझ्यासोबत राबलेला कार्यकर्ता. "बराबर केलं ताई! आमी चौकात फटाके फोडून राहिलो जी."

१० डिसेंबर

फटाके नेमके काकांच्या पक्षाच्या कार्यालयासमोर फोडले. मग दगडफेक, दोन्हीकडून. तिथले ठाणेदार फोनवर म्हणाले – "मॅडम, तुम्ही आणि बिसरामजी दोघं पाच मिनिटं चौकात एकत्र उभे राहा. लोक आपोआप घरी जातील."

काका तयार. "गाडी काढतो. संगच जाऊ."

साहेबांना विचारलं. "त्यांच्यासोबत फोटो? अजिबात नाही! उद्या लोक काय म्हणतील – आतून हे सगळे एकच."

ठाणेदारांना सांगितलं, सभागृहात काम आहे, जमणार नाही. काम काहीच नव्हतं.

११ डिसेंबर

काका एकटेच गेले. चौकात हात जोडून उभे राहिले म्हणे. त्यांची पोरं मागे सरली, आमची नाही – कशी सरतील, मी कुठे होते! पुन्हा दगड. एक देवचंदच्या डोळ्यावर बसला.

१२ डिसेंबर

देवचंदला नागपूरला आणलं. दवाखान्यात पोचले तर बाकावर त्याची बायको, पुष्पाबाई – आणि शेजारी काका. त्यांच्याच गाडीतून आणलं होतं त्याला. मला पाहून काका उठले. "बस वो." एवढंच बोलून निघून गेले.

उजवा डोळा गेला, डॉक्टर म्हणाले.

पुष्पाबाई माझ्याकडे बघेचना. बोलला तो देवचंदच, पट्टीखालून – "ताई, झुकू नका जी. एक डोळा आहे ना अजून."

बाहेर येऊन जिन्यात बसले. रडूही येईना.

१३ डिसेंबर

सभागृहात गेले नाही. कुणाचा फोन घेतला नाही.

१५ डिसेंबर

साहेबांना भेटले. सगळं सांगितलं. "त्याचा जाहीर सत्कार करू," म्हणाले. मी म्हटलं, सत्कार नको, चौकातलं भांडण मिटवू द्या मला. काकांसोबत एकदा जाऊ द्या.

"दोन दिवस थांब," म्हणाले. इतक्यात त्यांचा फोन वाजला. आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मी बराच वेळ बसून होते. शेवटी त्यांचा माणूस आला – साहेब बिझी आहेत.

१७ डिसेंबर

साहेबांचा फोन. "आपण सरकारात जातोय. उद्या शपथविधी. राज्यमंत्रिपद तुला. चांगली साडी नेस, आणि हसत ये."

मी काही बोलायच्या आत फोन बंद.

घटकाभरानं पुष्पाबाईचा. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलली. "ताई, टीव्हीवर सांगून राहिले, तुमी आन् ते एक झाले म्हणून. याईनं खाटेवरून आवाज आयकला, मले विचारून राहिले. का सांगू जी?"

खरं आहे म्हणून सांग, म्हटलं.