चमकीची दांडी

मंगळवार, संध्याकाळ

आईची हिऱ्याची चमकी आज मोडली. म्हणजे मीच मोडायला लावली, उगाच सोनारावर कशाला ढकलू.

तिची अंगठी करून घ्यायला गुजरीत सोनाराकडं गेले होते. पैसे बेताचेच आहेत, हे आधीच सांगून टाकलं. सोनार म्हणाला, "हिरा उचकटून नवं कोंदण करायचं म्हंजे सोनं लई लागतंय. फूल हाय तसंच ठिवू, मागची दांडी कापतो आन् बारीक अंगठीवर झाळून देतो." मग माझ्याकडं बघून, "पर ताई, नाकातच का घालत न्हाईसा?"

"भोक बुजलंय," मी म्हटलं. कॉलेजात असताना हट्टानं माझी चमकी काढून टाकली, तेव्हापासून आईलाही हेच सांगत आले. दर दिवाळीला विचारायची. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात तिनं स्वतःच्या नाकातली काढून माझ्या हातावर ठेवली. "बुजलंय तर परत टोचून घे की. नाक हाय न्हवं जाग्यावर?"

सोनारानं माझ्यादेखत दांडी कापली. मोडीत धरू का, विचारलं. नको म्हटलं, का कुणास ठाऊक. पुडीत बांधून घरी आणली. तांदळाच्या दाण्याएवढी दांडी, आईच्या नाकात चाळीस वर्षं होती.

आत्ता तोंड धुऊन आरशासमोर उभी होते. सहज ती दांडी नाकाला लावून बघितली. दुखेल म्हणून डोळे मिटले होते.

दुखलं नाही. सरळ आत गेली.